दोन प्रतिस्पर्धी कॉलेजांचे फोन येतायत : लहान कॉलेजातलं फुटबॉल, भरती आणि परदेशातलं जेवण

प्रश्न अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात राहणाऱ्या एका आईचा आहे. मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू, आहे. जवळपासच्या दोन लहान खाजगी कॉलेजांच्या प्रशिक्षकांचे फोन आणि मेसेज सुरू झालेत, आणि ही दोन कॉलेजं एकमेकांची कट्टर प्रतिस्पर्धी आहेत. खेळासाठी शिष्यवृत्ती मिळणार नाही असं दोघंही स्पष्ट सांगतात, मग बोलावतात कशासाठी? त्या दोघांतल्या चुरशीचा मुलाला त्रास होईल का? शिवाय मुलगा अंडी खातो, पण मांस खात नाही. सीझन संपल्यावर संघातली बरीच मुलं परदेशी जातात. तिथे हा काय खाणार, आणि कमावलेलं वजन टिकवणार कसं?

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या लहान कॉलेजांत आधी प्रवेश विभागात आणि नंतर खेळाडूंची शैक्षणिक सल्लागार म्हणून माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्यामुळे या फोनांची दुसरी बाजू मी पाहिलेली आहे. तुम्ही कॉलेजांची नावं दिली नाहीत, हे चांगलं केलंत. उदाहरण म्हणून मी इंडियानातलीच सर्वांना माहीत असलेली एक जोडी घेईन.

आधी बोलावण्याचं कारण. अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संघटना म्हणजे एनसीएए. तिचे तीन विभाग आहेत. त्यांतला तिसरा विभाग कॉलेजांच्या संख्येने सगळ्यात मोठा आहे. त्यात चारशेहून जास्त कॉलेजं येतात आणि त्यांतली सुमारे २४० फुटबॉल खेळतात. या विभागात खेळाच्या जोरावर एक डॉलरही देता येत नाही. आर्थिक मदत ठरवताना खेळातलं कौशल्य विचारात घ्यायलाही नियमाने बंदी आहे. पण आठशे ते दोन हजार विद्यार्थ्यांच्या खाजगी कॉलेजासाठी फुटबॉलचा संघ ही विद्यार्थी मिळवण्याची फार महत्त्वाची वाट असते. संघात शंभरेक मुलं असतात, संख्येवर एनसीएएची मर्यादा नाही, आणि त्यांतली बरीचशी मुलं फुटबॉल नसतं तर त्या गावाकडे फिरकलीही नसती. प्रत्येक जण फी भरतो. म्हणून प्रशिक्षकाला दरवर्षी तीस-चाळीस नवी मुलं आणायचीच असतात, आणि अनेक ठिकाणी तो आकडा प्रवेश विभागाशी बसून ठरवलेला असतो.

यात फसवणूक काही नाही. मात्र फोनचा अर्थ त्यामुळे बदलतो. त्या प्रशिक्षकाने त्याच आठवड्यात आणखी शे-दोनशे मुलांना फोन केलेले असतात. आपल्याकडचे पालक असा फोन आला की मुलाची निवड झाली असं समजतात आणि नातेवाइकांना कळवून मोकळे होतात. निवड अजून व्हायची असते. तुमच्या घराला एका कॉलेजाची माहिती मिळाली आहे आणि तिथल्या एका माणसाला तुमचा मुलगा यावा असं वाटतंय, एवढाच त्या फोनचा अर्थ. प्रवेश प्रवेश विभाग देतो, पैसे आर्थिक मदत विभाग देतो. प्रशिक्षक मुलाची गुणपत्रिका आधी प्रवेश विभागाला दाखवून अंदाज घेऊ शकतो आणि तो घ्यायला त्याला जरूर सांगा. पण ‘तुझ्या खेळामुळे तुला जास्त मदत मिळवून देतो’ असं कोणी म्हणालं, तर ते नियमात बसत नाही हे लक्षात ठेवा.

पैशांविषयी थोडक्यात. अशा कॉलेजांचा छापील खर्च राहण्या-जेवणासकट वर्षाला साठ ते ऐंशी हजार डॉलर दिसतो. प्रत्यक्षात तो फार थोडी घरं भरतात. देशभरातल्या खाजगी कॉलेजांत पहिल्या वर्षाच्या मुलांना छापील फीवर मिळणारी सरासरी सूट आता निम्म्याहून जास्त आहे. त्यामुळे छापील आकडे पाहून घाबरू नका आणि गुणवत्ता शिष्यवृत्तीचं पत्र आलं म्हणून हुरळूनही जाऊ नका. प्रत्येक कॉलेजाच्या वेबसाइटवर निव्वळ खर्चाचा, म्हणजे मदत वजा जाऊन उरणाऱ्या खर्चाचा, कॅलक्युलेटर असतो, कायद्याने तो ठेवावाच लागतो. अकरावीतच तो भरून बघा. पत्र आल्यावर अनुदान, कर्ज आणि कॅम्पसवरच्या कामाचे पैसे वेगवेगळे मांडा. पुष्कळ पत्रांत या तिघांची बेरीज करून एकच मोठा आकडा दाखवलेला असतो. शिष्यवृत्ती टिकवायला किती जीपीए, म्हणजे सरासरी श्रेणी, लागतो, आणि फी दरवर्षी वाढते तशी शिष्यवृत्ती वाढते का, हेही विचारा. बहुतेक ठिकाणी ती वाढत नाही. तेव्हा चौथ्या वर्षाचा हिशेब आजच करून ठेवा.

आता मी पालकांना सगळ्यात जास्त आग्रहाने सांगते ती गोष्ट. कॉलेजच्या वेबसाइटवर संघाची यादी उघडा, पहिल्या वर्षाची मुलं मोजा आणि मग चौथ्या वर्षाची मोजा. पंचेचाळीस आणि दहा असं दिसलं, तर ती बाकीची मुलं कुठे गेली हे प्रशिक्षकाला थेट विचारा. थोडी गळती सगळीकडे असते. कोणाला दुखापत होते, कोणाला प्रयोगशाळेचे तास आणि सराव दोन्ही जमत नाहीत, कोणाचं मन उडतं. पण मागच्या तीन-चार वर्षांच्या याद्या शेजारी ठेवल्यात की संघ मुलांना सांभाळतो की फक्त गोळा करतो, हे तुम्हालाच दिसेल. आणि खेळ सोडलेली मुलं कॉलेजात टिकली की कॉलेजही सोडून गेली, हा त्याहून मोठा प्रश्न. पहिल्याच महिन्यात गुडघा गेला आणि फुटबॉल संपलं, तरी तुमच्या मुलाला तिथे चार वर्षं काढावीशी वाटतील का? उत्तर ‘हो’ असेल तरच ते कॉलेज त्याच्यासाठी आहे. बाकी सगळं या कसोटीनंतर.

या दृष्टीने कॅम्पसभेटीचा मोठा उपयोग होतो. अकरावीच्या १ जानेवारीपासून कॉलेज स्वतःच्या खर्चाने मुलाला अधिकृत भेटीला बोलावू शकतं. अशी भेट एका कॉलेजाला एकदाच मिळते, जास्तीत जास्त ४८ तासांची. रात्री तो संघातल्याच कुणाच्या खोलीवर राहतो. त्या वेळी तुम्ही बरोबर राहू नका. ती मुलं आपसात जे बोलतात, ते कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. त्याला एवढंच सांगून पाठवा की जेवायला कुठे बसतात, रविवारी काय करतात, जखमी मुलाशी संघ कसा वागतो, हे बघून ये. डोक्याला मार लागल्यावर खेळाडूला परत मैदानात सोडायचं की नाही, हा निर्णय प्रशिक्षकाच्या हातात आहे की वैद्यकीय कर्मचाऱ्यांच्या, हे मात्र तुम्ही स्वतः विचारा. उत्तर देताना कोणी अडखळलं, तर तिथेच थांबा.

आता चुरशीबद्दल. क्रॉफर्ड्सव्हिल गावचं वॉबॅश कॉलेज आणि ग्रीनकॅसल गावचं डीपॉ विद्यापीठ, ही ती जोडी. दोन्ही गावांत साधारण पंचेचाळीस किलोमीटरचं अंतर. वॉबॅश १८३२ मध्ये स्थापन झालेलं, आजही फक्त मुलग्यांचं कॉलेज, देशात अशी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. डीपॉ १८३७ चं, मेथडिस्ट मंडळींनी काढलेलं. पहिली लढत १८९० मध्ये झाली. १९३२ पासून विजेत्याला एक घंटा मिळते, मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरची, सुमारे तीनशे पौंड वजनाची. त्या रेल्वेचा मार्ग दोन्ही गावांतून जायचा. साखळी सामन्यांतला हा शेवटचा सामना, नोव्हेंबरातल्या शनिवारी. दोन्ही कॉलेजांची मिळून विद्यार्थीसंख्या तीन हजारांच्या आत, पण त्या दिवशी मैदानावर त्याहून कितीतरी जास्त माणसं असतात. देशभरातल्या शहरांत माजी विद्यार्थी एकत्र जमून प्रक्षेपण पाहतात.

ती घंटा पळवण्याच्या गोष्टी तुमच्या मुलाला पहिल्याच भेटीत ऐकायला मिळतील. सगळ्यात गाजलेली १९६५ ची. वॉबॅशचा एक विद्यार्थी मेक्सिकोच्या सरकारी माहिती खात्याचा माणूस असल्याची बतावणी करून डीपॉला गेला. तिथे त्याने अध्यक्षांची भेट घेतली आणि आदरातिथ्याच्या ओघात घंटा कुठे ठेवली आहे ते पाहून आला. मग काही मुलांनी रात्री जाऊन ती उचलून नेली. मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन फ्रिहोलेस’, म्हणजे मेक्सिकन घेवडा. साठ वर्षं झाली तरी ही गोष्ट दोन्हीकडे चवीने सांगतात. ज्यांची घंटा गेली तेही सांगतात, आणि मला या चुरशीचं सगळ्यात जास्त अप्रूप वाटतं ते याचंच.

तुमची भीती मला समजते. मोठ्या विद्यापीठांच्या चुरशीत पैसा असतो, टीव्हीचे करार असतात, प्रशिक्षकांच्या नोकऱ्या पणाला लागलेल्या असतात, आणि हरलेल्या मुलाला समाजमाध्यमांवर अनोळखी लोक शिव्या घालतात. लहान कॉलेजांत समोरचा मुलगा बहुधा तुमच्याच जिल्ह्यातला असतो, कधी तर शाळेतला जुना सोबतीच. पुढे दोघे एकाच मेडिकल कॉलेजात किंवा एकाच बँकेत भेटतात. मैदानावर ते जीव तोडून भांडतात, कारण चौथ्या वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक मुलासाठी हा आयुष्यातला शेवटचा, किंवा फार तर शेवटून दुसरा, फुटबॉल सामना असतो. इथून व्यावसायिक संघात जाणारे अगदी विरळा. सामना संपल्यावर पंचविशीही न गाठलेली, शंभर किलोची मुलं खांद्याची संरक्षक गादी काढायला तयार नसतात, तशीच गवतावर बसून राहतात. हे मी दरवर्षी पाहिलं आहे आणि दरवर्षी गलबलून आलं आहे. ज्या संघात असा एक सामना असतो, तिथली मुलं तिसऱ्या-चौथ्या वर्षी खेळ सहसा सोडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. मगाशी सांगितलेल्या याद्या मोजाल तेव्हा हेही ताडून पहा. चुरशीचं ओझं मुलावर पडेल असं तुम्हाला वाटतंय. मी तर म्हणेन, ती चुरस त्याला धरून ठेवणारी ठरेल.

दोन प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांशी एकाच वेळी बोलताना मात्र एक पथ्य पाळा. एकाचा आकडा दुसऱ्याला दाखवून घासाघीस करू नका. ते दोघे त्याच शाळांमध्ये फिरतात, एकमेकांना पुरते ओळखतात, आणि पैसे त्यांच्या हातात नसतातच. मदत कमी वाटली तर आर्थिक मदत विभागाला लिहा. नोकरी गेली, आजारपण आलं, धाकट्याचं कॉलेज सुरू झालं, अशी खरी कारणं कागदांसह दाखवलीत तर ते फेरविचार करतात. प्रशिक्षकाला लागतं ते स्वच्छ उत्तर. आपल्या घरांत ‘नाही’ म्हणणं जड जातं. ‘बघतो, कळवतो’ करत आपण तीन महिने काढतो आणि त्याला सौजन्य समजतो. तिकडे त्या प्रशिक्षकाने तुमच्या मुलासाठी जागा राखून दुसऱ्या मुलाला थांबवलेलं असतं. निर्णय झाला की मुलाने स्वतः फोन करावा, वडिलांनी नव्हे, आणि आभार मानून नकार द्यावा. सतरा वर्षांच्या मुलाला हे कठीण जातं. तरी त्यालाच करू द्या.

आणखी एक गोष्ट ऐकून ठेवा. वरच्या विभागांतले प्रशिक्षक आता शाळेतल्या मुलापेक्षा दुसऱ्या कॉलेजातून बदलून येणारा एकविशीचा तयार खेळाडू पसंत करतात. पूर्वी सहज वर गेली असती अशी चांगली मुलं त्यामुळे तिसऱ्या विभागात येतायत आणि इथे जागेसाठीची लढाईही अवघड झाली आहे. पहिलं वर्ष, कदाचित दुसरंही, तुमचा मुलगा राखीव संघात खेळेल असं धरून चला.

आता परदेश आणि जेवण. सीझन संपल्यावर व्यायामशाळेत या मुलांच्या गप्पा ऐकल्या तर त्यांत निम्म्या खाण्याच्याच असतात. त्याला कारण आहे. फुटबॉल शरद ऋतूतला खेळ आहे, म्हणून तिसऱ्या वर्षाचं वसंत सत्र खेळाडूला परदेशात घालवता येतं. पहिल्या विभागात ही चैन जवळजवळ कुणालाच परवडत नाही. शिवाय तिसऱ्या विभागातला संघ तीन वर्षांतून एकदा परदेश दौरा करू शकतो, पण लहान कॉलेजांत त्याचा बराच खर्च मुलं निधी जमवून भागवतात. पहिल्या विभागात असूनही फुटबॉलची शिष्यवृत्ती न देणारं आयोवा राज्यातलं ड्रेक विद्यापीठ २०११ च्या मे महिन्यात टांझानियात अरुशाला जाऊन मेक्सिकोच्या विद्यार्थी संघाशी खेळलं आणि १७–७ ने जिंकलं, नंतर मुलं किलिमांजारो चढली. आणि पदवीनंतर काही जण युरोपातल्या क्लबांकडून एखादा सीझन खेळतात. राहायला खोली, थोडा भत्ता, आणि पुष्कळदा क्लबच्या ओळखीच्या खानावळीत जेवण, एवढ्यावर. ती मुलं परत येऊन जे सांगतात, त्यावर पुढच्या मुलांचे बेत ठरतात.

म्हणून कॅम्पसभेटीत प्रशिक्षकाला हे विचाराच : तुमच्या संघातली किती मुलं तिसऱ्या वर्षी वसंत सत्र परदेशात घालवतात? वॉबॅश आणि डीपॉसारख्या कॉलेजांत परदेशातले छोटे अभ्यासदौरेही असतात. काही प्रशिक्षक तोंडाने ‘जाऊ देतो’ म्हणतात, पण वसंतातला व्यायाम चुकवणाऱ्या मुलाकडे त्यांची नजर बदलते. नावं आणि वर्षं सांगणारा प्रशिक्षक मला विश्वासाचा वाटतो.

मांस न खाता लाइनबॅकरचं वजन ठेवता येतं. नव्वद किलोच्या मुलाला किलोमागे १.६ ते २ ग्रॅम या हिशेबाने दिवसाला साधारण १४५ ते १८० ग्रॅम प्रथिनं लागतात. एक वाटी शिजलेल्या वरणात ती सात-आठ ग्रॅम असतात, म्हणजे वरण-भातावर हे भागणार नाही. अंडी, ग्रीक योगर्ट, पनीर, टोफू, सोयाबीन, गरज पडली तर व्हे (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची) पावडर, हे दर जेवणात विभागून घ्यावं लागतं. कॉलेजच्या भोजनगृहाच्या व्यवस्थापकाला भेटून ऑगस्टच्या सराव शिबिरात शाकाहारी मुलाला काय मिळतं ते विचारा, कारण त्या दिवसांत जेवणाची वेळ ठरलेली असते आणि पर्याय कमी असतात.

परदेशात अडचण बहुधा न दिसणाऱ्या मांसाची असते. स्पेनमध्ये मसुराची उसळ मिळते, तिला लेंतेखास म्हणतात, पण तिच्यात बहुतेक वेळा डुकराच्या मांसाचा चोरिसो सॉसेज शिजवलेला असतो. मेक्सिकोत घोटलेला घेवडा म्हणजे फ्रिहोलेस रेफ्रितोस घरोघरी असतो, तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत परततात. इटलीत मिनेस्त्रोने सुपाचा रस्सा मांसाच्या अर्काचा असू शकतो, आणि खरं पार्मिजानो चीज वासराच्या पोटातलं रेनेट वापरून विरजतात. पार्मा शहरात अमेरिकन फुटबॉलचा चांगला संघ आहे, तिथे खेळायला गेलेल्या मुलाला हे चीज टाळणं अवघड. तुमच्या घरी कितपत चालतं हे आधीच ठरवा, म्हणजे मुलाला तिथे एकट्याने ठरवावं लागणार नाही. जपानात मिसो सुपाच्या मुळाशी सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, भाजीच्या पदार्थांतही तो उतरतो.

मिळतं तेही भरपूर आहे. स्पेनमध्ये बटाटा घालून केलेलं जाड ऑम्लेट, तोर्तिया, प्रत्येक बारमध्ये असतं आणि पावात घालून सकाळी-दुपारी केव्हाही देतात. अंडी खाणाऱ्या खेळाडूला याहून सोयीचं काही नाही. जर्मनीत क्वार्क मिळतं, आपल्या चक्क्याच्या जवळचं, शंभर ग्रॅममध्ये साधारण बारा ग्रॅम प्रथिनं असलेलं आणि स्वस्त. तिथल्या तुर्की दुकानांत फलाफल, म्हणजे हरभऱ्याचे तळलेले वडे, असतातच. इटलीतली सकाळ मात्र कॉफी आणि गोड क्रॉसाँवर भागते, तेव्हा न्याहारीची अंडी आणि दही खोलीवरच आणून ठेवावं. स्पेनमधल्या वेळाही अंगवळणी पडायला हव्यात. मुख्य जेवण दुपारी दोन-तीनला, रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी सहाला व्यायाम करून येणाऱ्या मुलाकडे खोलीत काही नसेल तर तो तीन तास उपाशी राहतो. वजन तिथेच उतरतं. दोन महिन्यांत पाच-सात किलो घालवून आलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि ऑगस्टपर्यंत ते भरून काढताना त्यांची फार ओढाताण झाली.

यजमान कुटुंबाकडे राहण्याच्या अर्जात खाण्याविषयी एक रकाना असतो. त्यात नुसतं ‘शाकाहारी’ लिहू नका. बऱ्याच घरांत मासे आणि हॅम (डुकराचं खारवलेलं मांस) यांना मांस धरत नाहीत, म्हणून हॅमचे तुकडे घातलेली भाजी प्रेमाने वाढली जाते. मांस, मासे, हॅम, सॉसेज, मांसाचा रस्सा नको, आणि अंडी, दूध, चीज, सर्व कडधान्यं चालतात, असं त्या देशाच्या भाषेत एकेक शब्द मांडून लिहा. वाढत्या वयाचा खेळाडू आहे, त्याला इतरांपेक्षा दीडपट जेवण लागतं, हेही त्याच रकान्यात लिहा. त्यासाठी जास्तीचे पैसे घेणार असतील तर किती, ते कॉलेजच्या परदेश अभ्यास कार्यालयामार्फत सत्र सुरू होण्याआधी ठरवून घ्या.